साडेसहा लाखाची जुनी जिप्सी, घ्यायची का?

भावा, 2010 ची मारुती जिप्सी साडेसहा लाखाला देतो म्हणतोय ना तो विकणारा, तर चकचकीत पेंट आणि मोठे टायर बघून भुलू नकोस, आधी गाडीखाली झोप आणि चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, बघ. पाटे (लीफ स्प्रिंग) जिथे चेसिसला बसतात तिथे स्क्रूड्रायव्हरने टोच, मी कोकणातली एक गाडी अशीच टोचली तर गंजाचा भुगा हातात आला, मॅट उचलली तर खालचा पत्रा ओला, तिथूनच परत फिरलो.

इंजिनाचं एवढं टेन्शन नको, 1.3 लिटर पेट्रोल आहे, जुना मिस्त्री सहज खोलतो. पण फोर-व्हील ड्राइव्हसाठी पुढच्या चाकांचे हब लॉक होतात का बघ आणि 4 एल (फोर-व्हील ड्राइव्हचा लो गिअर) टाकून मातीच्या चढावर स्वतः चालव, डांबरावर नको, लिव्हर उडून न्यूट्रलला आला तर तिथेच भाव पाड.

आणि कागद! 15 वर्षं झालीत म्हणजे आरसी रिन्यू, फिटनेस, पर्यावरण कर, हे सगळं त्याच्याकडून आधी करून घे, चेसिस नंबर स्वतः जुळव. नवीन मिळत नाही म्हणून भाव चढलेत हे खरंय, पण चेसिस सडलेली असेल तर तीन लाखालाही महाग, चांगली असेल तर सहापर्यंत दे, मीही दिले असते.