पीसीओडी गोळ्या न घेता, नुसत्या आहार-व्यायामाने बरा होतो का?

तू लिहिलंयस की वय २२, पुण्यात होस्टेलला राहतेस, पाळी तीन-तीन महिने येत नाही, सोनोग्राफीत पीसीओडी (ओव्हरी म्हणजे बीजांडकोशाचा, हार्मोन बिघडल्याने होणारा त्रास) निघालाय आणि आई म्हणतेय गोळ्या नकोच. मी तुझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे म्हणून एकेरीच बोलते.

आधी ती गाठींची भीती काढून टाक. रिपोर्टमध्ये सिस्ट लिहिलंय ना, त्या गाठी नसतात, अर्धवट वाढून थांबलेल्या बीजांच्या बारीक पिशव्या असतात. आणि नुसत्या सोनोग्राफीवर निदान होतही नाही, अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन जास्त (म्हणजे हनुवटीवर केस, पिंपल्स किंवा रक्तात दिसणं) आणि सोनोग्राफी, या तीनातल्या दोन गोष्टी लागतात, शिवाय थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (हेही एक हार्मोनच) तपासून घ्यायचं. मलाही पीसीओडी आहे, पण माझं कोणी तपासलंच नव्हतं, पहिल्या डॉक्टरांनी "लग्न झालं की होईल सगळं नीट" म्हणून घरी पाठवलं आणि माझी दोन वर्षं त्यात गेली, अजून राग येतो.

पीसीओडी कायमचा जात नाही, पण ताब्यात नक्की राहतो. बहुतेकींच्या बाबतीत शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही मग ते जास्त बनतं, त्या जास्तीच्या इन्सुलिनने ओव्हरी पुरुषी हार्मोन वाढवते, बीज सुटत नाही आणि पाळी लांबते. माझ्या मानेवर काळपट पट्टा होता, आई बेसन लावून घासायची, मळ नव्हताच तो, इन्सुलिनचीच खूण होती. म्हणून व्यायामाचा उपयोग होतो, कारण स्नायू वापरले की साखर तिकडे खर्च होते, वजन काट्यावर हललं नाही तरी. बारीक मुलींनाही पीसीओडी असतो हे लक्षात ठेव.

मी तेव्हा हिंजवडीला उशिराच्या शिफ्टला होते, रात्री अकराला जेवायचं आणि झोपायचं. शिफ्ट बदलून घेतली, जेवल्यावर १५ मिनिटं सोसायटीतच फेऱ्या, रविवारी तळजाईची टेकडी, आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला जिम. आठवड्याला १५० मिनिटं भरली पाहिजेत एवढंच बघायचे. भात सोडला नाही, कमी केला, त्याच्या आधी उसळ आणि काकडी संपवायची. दिवसाचे चार गोड चहा होते त्यातला एक ठेवला, हे सगळ्यात जड गेलं. मेसमध्ये तुला निवड नसेल तर मटकी भिजवून ठेव, फुटाणे, अंडी, ताक जवळ ठेव, सकाळी नुसत्या पोह्यांवर निघू नकोस. ७४ किलोची ६९ झाले आणि पाचव्या महिन्यात पाळी आपली आपण आली, मी बाथरूममध्ये रडले होते. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरलं तरी पुष्कळ फरक पडू शकतो, चवळीची शेंग व्हायची गरज नाही.

मेथीदाणे, दालचिनीचं पाणी, जवस, सगळं घेतलंय मी. जेवणात असू दे पण त्याच्या भरवशावर राहू नकोस, आणि "पाळी आणणारी" म्हणून विकतात ती बिनलेबलची चूर्णं तर अजिबात नको, आत काय आहे कळायला मार्ग नसतो.

आता आईला सांगायचं ते. पाळी फार लांबली की गर्भाशयाचं अस्तर आत जाड होत राहतं, वर्षानुवर्षं तसं राहिलं तर कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून ९० दिवसांवर गेलं की डॉक्टर गोळी देऊन पाळी आणतात, ती गोळी घेतली म्हणजे तुझा आहार-व्यायाम फसला असं नसतं, दोन्ही बरोबर चालतं, मीही दोनदा घेतलीये. सोबत ग्लुकोज पिऊन दोन तासांची शुगर टेस्ट करून घे, घरात कुणाला डायबेटिस असेल तर नक्कीच. तू तीन महिने म्हणालीस, म्हणजे ९० झालेच की, याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांची अपॉइंटमेंट घे आणि आईला सोबत ने, तिचे प्रश्न तिला तिथेच विचारू दे.