गावाकडच्या कॉलेजची डिग्री परदेशात चालेल का?

इंजिनिअरिंग प्रवेशासाठी कॉलेजांचा पसंतीक्रम देणारे ऑप्शन फॉर्म भरायचे दिवस आले की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. एकदा बार्शीकडचे एक शेतकरी लेकीला घेऊन आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिला पुढे एमएससाठी बाहेर जायचं होतं. त्यांनी पिशवीतून एका कॉलेजचं माहितीपत्रक काढलं. त्यात परदेशी विद्यापीठाशी करार झाल्याचा पानभर फोटो. मॅनेजमेंट कोट्यातली सीट, त्यासाठी एक एकर विकायची तयारी. मुलगी गप्प, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली.

मी म्हटलं, "दादा, हा करार दोन संस्थांमधला. तुम्हाला ज्याची काळजी आहे तो करार वेगळा."

तो म्हणजे वॉशिंग्टन अकॉर्ड. १९८९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इथल्या मूल्यांकन संस्थांनी एकमेकींनी तपासलेल्या इंजिनिअरिंग पदव्या तोडीस तोड मानायचं ठरवलं. आपली एनबीए (नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशन, आपल्याकडची मूल्यांकन संस्था) २०१४ मध्ये त्यात पूर्ण सदस्य झाली. मात्र एनबीए कॉलेजला नव्हे, एकेका शाखेला मान्यता देते, आणि अकॉर्डचा लाभ फक्त तिच्या टिअर-१ या गटातल्या शाखांना. त्यात स्वायत्त, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवणारी कॉलेजं येतात. हे नीट समजून घ्या, कारण फाटकावरच्या 'एनबीए' पाटीवर पालक फार भरवसा ठेवतात.

मुलीने मोबाइलवर एनबीएची यादी उघडली. तिच्या ऑप्शन फॉर्ममध्ये सातव्या नंबरवर ढकललेलं जुनं स्वायत्त कॉलेज सापडलं: मेकॅनिकल, टिअर-१, मान्यतेची मुदत चालू. माहितीपत्रकातली शाखा यादीत नव्हती. ती नवीच होती. नवी शाखा वाईटच असते असं नाही, पण तिच्यासाठी जमीन विकू नये, हे मी स्पष्ट सांगितलं.

"मग तिला तिकडं ॲडमिशन पक्कं?" वडिलांनी विचारलं.

नाही. प्रवेश विद्यापीठ आपल्या निकषांवर देतं, व्हिसाही वेगळा. अकॉर्डचा उपयोग होतो तो तिकडे इंजिनिअर म्हणून नोंदणी करताना, पदवीच्या पायावर शंका येऊ नये म्हणून.

तरी फोटोवरून त्यांची नजर हटेना. मी म्हटलं, फोन करून दोनच गोष्टी विचारा: गेल्या तीन वर्षांत या करारातून किती मुलं गेली, आणि तिथले क्रेडिट, म्हणजे तिथे पूर्ण केलेल्या विषयांचे गुणांक, इथे धरले का? मुलीनेच फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "अजून कुणी गेलेलं नाही, बोलणी चालू आहेत."

वडिलांनी माहितीपत्रक पिशवीत ठेवलं आणि लेकीला विचारलं, "ते सातवं वर घ्यायची शेवटची तारीख कधी आहे गं?"