वाचकांचे प्रश्न : जुन्या कागदांसाठी अनुदान मागताना

प्रश्न : आमच्या संस्थेत जुनी पत्रं, हस्तलिखितं आणि बांधीव वह्या आहेत. त्यांच्या जतनासाठी आणि डिजिटायझेशनसाठी अनुदान मागितलं होतं. ‘कामाचं स्वरूप स्पष्ट नाही’ असा शेरा मारून प्रस्ताव परत आला. काय राहिलं असावं?

उत्तर : बहुधा मोजणी. ‘दुर्मिळ आणि मौल्यवान संग्रह’ असं सगळेच लिहितात. परीक्षकाला पानं किती, कोणत्या आकाराची आणि त्यातली ठिसूळ किती, हे हवं असतं. पानन् पान मोजायची गरज नाही. प्रत्येक प्रकारातले दहा-बारा गठ्ठे मोजून सरासरी काढा. मग २०० पानांचे फोटो काढायची चाचणी घड्याळ लावून घ्या. समजा चार तास लागले, म्हणजे ताशी ५० पानं. १२,००० पानांना २४० तास. दिवसाकाठी प्रत्यक्ष कामाचे सहा तास धरले तर ४० दिवस. हे झालं नुसतं कॅमेऱ्याचं. प्रतिमा तपासणं आणि सूची करणं याला बहुतेक वेळा याहून जास्त दिवस जातात, आणि अंदाजपत्रकात नेमके तेच धरलेले नसतात. मग हजारो प्रतिमा पडून राहतात, त्यातलं कोणतं पत्र कोणाचं हे काही सापडत नाही.

साठवणुकीचाही असाच हिशेब द्या. ए-४ पान ४०० पीपीआयवर (म्हणजे इंचाला ४०० बिंदू), २४ बिट म्हणजे पूर्ण रंगात घेतलं की टिफ प्रकारची, आकुंचित न केलेली (अनकॉम्प्रेस्ड) प्रतिमा-फाइल सुमारे ४६ एमबीची होते. १२,००० पानांचे साधारण ५५० जीबी. प्रती तीन हव्यात, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. अनुदान संपल्यावर हा खर्च कोण उचलणार, तेही लिहा. हा प्रश्न हमखास येतो.

कामाचा क्रम चुकवू नका. बुरशीचे गठ्ठे आधी वेगळे काढा, गंजलेल्या टाचण्या सोडवा, मऊ पेन्सिलीने पानांवर क्रमांक घाला, मगच कॅमेरा. क्रमांक नसला तर सुटं झालेलं पान परत कुठे लावायचं ते कळत नाही. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा. ती पाण्याने सुटते. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी यांचं नावही अर्जात नको. लॅमिनेशन कागदाला इजा न करता सहसा निघत नाही, आणि चिकटपट्टीचा डाग कागदात मुरतो.

प्रश्न : अनुदानातून स्कॅनर घेऊ का?

उत्तर : बांधीव वह्यांसाठी सपाट काचेचा नको. वही पालथी दाबली की बांधणीची शिवण उसवते. वरून लावलेला कॅमेरा आणि वही अर्धवट उघडी धरणारा आधार घ्या.

प्रश्न : पत्रं आमच्याच मालकीची आहेत. ऑनलाइन टाकायला हरकत नाही ना?

उत्तर : आहे. कागद तुमचा, मजकूर लिहिणाऱ्याचा, त्याच्यामागे वारसांचा. बहुतेक देशांत हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ५० ते ७० वर्षं टिकतो. म्हणून खुली ठेवता येतील अशी पत्रं किती, परवानगी लागेल अशी किती, फक्त वाचनकक्षात दाखवायची किती, हे तीन आकडे अर्जातच द्या.