मुडदा काही पडेना!

प्रश्न : अगाथा ख्रिस्तीची ‘एंडलेस नाइट’ ही रहस्यकादंबरी वाचनालयातून आणली. निम्मी संपली तरी ना खून, ना तिचे नेहमीचे गुप्तहेर प्वारो किंवा मिस मार्पल. परत करू का?
– एक वाचक भगिनी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : थांबा ताई! मीही असाच वैतागलो होतो. पंचवटी एक्सप्रेसमध्ये नाशिकरोडला पुस्तक उघडलं. इगतपुरी गेली, कसाऱ्याचा घाट उतरलो, चहावाला दोनदा येऊन गेला, मुडदा काही पडेना. नुसतं प्रेमप्रकरण! कल्याणला मात्र मान वर करायला फुरसत नव्हती.

१९६७ साली, सत्तरी कधीच ओलांडलेल्या बाईंनी स्वतःचाच साचा मोडला. संशयितांची रांग नाही, सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून केलेला उलगडा नाही. मायकेल नावाचा फाटक्या खिशाचा, स्वप्नाळू तरुण स्वतःच गोष्ट सांगतो : श्रीमंत मुलीशी लग्न, शापित म्हणवल्या जाणाऱ्या जागेवर घर. पुरावे जमवत बसू नका, त्याचा सूर ऐका. मला तर प्वारोच्या कित्येक कथांपेक्षा ही जास्त झोंबली.

आणि हो, शेवटचं पान आधी बघायची खोड असेल, तर ते पान रबर लावून बंद करा. संपलं की लगेच पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. मग दंड भरावा लागला तरी चालेल.