प्रश्न तुमचे : ‘वरून आलं नाही’ म्हणजे नक्की कुठून?

प्रश्न : ताई, मी एका विद्यापीठात पीएचडी करतेय, जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) आहे, नुकतीच दोन वर्षं झाली. चार महिने झाले फेलोशिपचा एक रुपया आलेला नाही, रूमचं भाडं बहिणीकडून उसनं घेऊन भरतेय. विभागाच्या ऑफिसात गेलं की क्लार्क मॅडम मान वर न करता सांगतात ‘वरून आलं नाही’. गाईड म्हणतात ऑफिसात विचार, ऑफिस म्हणतं मेन बिल्डिंगला जा, आणि मेन बिल्डिंगवाले म्हणतात विभागाकडून काही आलंच नाही. हे ऑफिसवाले दिवसभर करतात तरी काय, आणि मी तक्रार कुणाची करू?
– एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : अगं, चार महिने म्हणजे फारच झालं, तुझा राग अगदी रास्त आहे. मी विद्यापीठाच्या एका विभागात ज्युनिअर क्लार्कपासून सुपरिंटेंडंटपर्यंत 31 वर्षं काढली, त्यामुळे टेबलाच्या अलीकडे काय चालतं ते सांगते.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) फेलोशिपचे पैसे थेट तुझ्या खात्यात येतात, पण आपोआप येत नाहीत. कॅनरा बँकेच्या पोर्टलवर विद्यापीठाचे दोन लॉगिन असतात, मेकर आणि चेकर. ही मुलगी या महिन्यात काम करत होती असं मेकर भरतो, चेकर ते तपासून ओके करतो, आणि हे दर महिन्याला. एकाने भरलं आणि दुसऱ्याने ओके केलं नाही की त्या महिन्याचे पैसे अडकले. आता मेन बिल्डिंगमधल्या माणसाला कसं कळणार की तू काम करत होतीस? विभागाने पाठवलेल्या पत्रावरून. त्यावर गाईडची सही, एचओडींची (विभागप्रमुखांची) सही आणि जावक नंबर (बाहेर जाणाऱ्या पत्राचा नोंद क्रमांक) लागतो, यातलं एक जरी राहिलं तरी कागद हलत नाही.

मला खटकतंय ते तुझं ‘दोन वर्षं झाली’. दोन वर्षांनी जेआरएफचं एसआरएफ, म्हणजे सिनिअर रिसर्च फेलो, करावं लागतं (1 जानेवारी 2023 पासून जेआरएफला महिना 37,000 आणि एसआरएफला 42,000 आहेत), त्यासाठी कमिटी बसते, बाहेरचे तज्ज्ञ येतात, तुझं काम बघून रिपोर्ट देतात आणि मग ते पोर्टलवर चढतं. तुझ्यासारख्यांची गाडी मी बहुतेक वेळा इथेच अडलेली बघितलीय, कमिटीची तारीख ठरत नाही, नाहीतर रिपोर्टवर एक सही राहिलेली असते. तेव्हा कमिटी झाली का, हे आजच गाईडना विचार.

आणि ऑफिसात जाऊन ‘पैसे आले का’ विचारूच नकोस, त्याचं उत्तर मॅडमकडे खरंच नसतं. विचार की ‘माझं पत्र कुठल्या तारखेला, कुठल्या जावक नंबरने गेलं?’ बारनिशीचं, म्हणजे पत्रांच्या आवक-जावक नोंदींचं, जाड रजिस्टर असतं, त्यात तारीख, नंबर, कुणाला, विषय असे रकाने असतात, आणि शिपायाच्या वहीत समोरच्या टेबलाची पोच असते. तो नंबर वहीत लिहून घे, मेन बिल्डिंगला जा आणि त्यांच्याकडचा आवक नंबर (तिथे पत्र पोचल्याचा नोंद क्रमांक) माग. नंबर हातात असला की ‘आलंच नाही’ म्हणणारा माणूस रजिस्टर उघडतो, हे मी हजारदा बघितलंय.

एकदा आमच्याकडे एका मुलाचं अर्ध्या वर्षाचं सगळं खोळंबलं होतं. कागद सापडला तो एचओडींच्या केबिनमधल्या ट्रेमध्ये, गुलाबी फोल्डरमध्ये, टाचणी गंजलेली. सर लांब रजेवर गेले होते आणि चार्ज लेखी कुणालाच दिला नव्हता, म्हणून सही करायचा अधिकार कुणाकडेच नव्हता. तो मुलगा रोज आमच्या क्लार्कशी भांडत होता आणि तिच्या हातात काहीच नव्हतं, ती घरी जाताना रडायची.

दिवसभर काय करतात विचारलंस ना? अ‍ॅडमिशनच्या याद्या, एलिजिबिलिटी, परीक्षा फॉर्म, इंटर्नल मार्क, सीएचबीवाल्यांची (तासिकेवर शिकवणाऱ्यांची) बिलं, महाडीबीटीचे (राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचे) अर्ज तपासणं, नॅकच्या मूल्यांकनासाठी पाच वर्षांची माहिती, मार्च एंडला प्रोजेक्टची युटिलायझेशन सर्टिफिकेटं (निधी कसा खर्च झाला त्याचे दाखले). माझ्या विभागात मंजूर पदं चार होती, रिटायर झाले तेव्हा आम्ही दोघी होतो. फेब्रुवारी 2023 मध्ये राज्यभरच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला तेव्हा सगळ्यांना कळलं की हे लोक नसले की पेपरसुद्धा होत नाहीत. तरीही मान वर न करता बोलणं चूकच, कितीही काम असलं तरी, त्याचं समर्थन मी करणार नाही.

दोन्ही नंबर घेऊन काम झालं नाही तर लेखी अर्ज दे आणि पोच घे. यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायलाच लागते, फेलोशिपला उशीर हा विषय त्यात बसतो आणि समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो. तिथे मॅडमचं नाव लिहू नकोस, कागद कुठल्या टेबलावर किती दिवस थांबला ते तारखांसकट लिही.

प्रश्न : मॅडम, महिन्यापूर्वी एका विद्यापीठाच्या विभागात एजन्सीमार्फत क्लार्क म्हणून लागलो. आधीचे सर रिटायर झालेत, चार्ज देणारं कुणी नाही, पाच कपाटं आहेत आणि मुलं येऊन भांडतात. सुरुवात कुठून करू?
– एक नवा कर्मचारी

उत्तर : बाळा, कपाटापासून. रोज शेवटचा अर्धा तास एकच कप्पा घे, फाईलींची यादी कर, दारावर आतून चिकटव. डेड स्टॉक रजिस्टरवर (विभागातल्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीवर) मात्र वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करू नकोस, कुणी कितीही घाई केली तरी, एखादा प्रोजेक्टर सापडला नाही तर पुढे तुझ्याकडेच मागतील, आणि एजन्सीच्या पगारात ते परवडणारं नाही.

मुलांसाठी एक साधी वही ठेव, आलेल्याचं नाव, काम आणि परत कधी यायचं ती तारीख, आणि त्या तारखेला काम झालं नसेल तर आदल्या दिवशी तूच फोन कर. स्कॉलरशिपच्या दिवसांत महाडीबीटीचं लॉगिन रोज उघड, अर्ज करेक्शनला परत पाठवलास तर त्या मुलाला स्वतः सांग, खेड्यातल्या पोरांना तो मेसेज दिसत नाही आणि वर्ष हातचं जातं. आणि तुझं अपॉइंटमेंटचं पत्र, पीएफचा नंबर, दर महिन्याची पगारस्लिप एजन्सीकडून मागून घरी फाईलला लाव, आत्तापासून.