क्लचची एअर काढून दोन दिवसांत पेडल पुन्हा खाली जातं. मास्टर बदलू की स्लेव्ह? (जुनी ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो)

दोन दिवसांत पेडल पुन्हा बसत असेल तर तिसऱ्यांदा एअर काढू नका. क्लचची लाइन (पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरमधून गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलिंडरकडे दाब नेणारी ब्रेक ऑइलची नळी) बंद असते आणि बंद लाइनीत हवा आपोआप तयार होत नाही. एक तर ती कुठून तरी आत येते, नाहीतर तेल कुठून तरी बाहेर जातं, नाहीतर मास्टरचं सील आतल्या आत दाब सोडतं. या तिन्हींपैकी काय चाललंय ते ठरायच्या आधीच निप्पलला (स्लेव्हवरच्या हवा काढायच्या स्क्रूला) पाना लावला, तर फक्त ब्रेक ऑइलची बाटली संपते.

तुम्ही लिहिलंय की सकाळी तीन-चार पंप मारले की गिअर पडतो, रिव्हर्सला खरखर येते, आणि मिस्त्री म्हणतो "प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवू". या शेवटच्या वाक्यासाठीच हे उत्तर लिहितोय. पंप मारल्यावर क्लच सुटतो, म्हणजे प्लेट नाही, हायड्रॉलिक गेलंय. प्लेट संपली की उलटं होतं: क्लच सुटतो, पण धरत नाही. चौथ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दिला की आरपीएम वर जातं, गाडी तिथेच. तसं होत नसेल तर गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका.

पांढरकवड्याकडून अशीच एक ऑक्टाव्हिया टोचन करून आली होती. आधीच्या ठिकाणी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं नवं टाकलेलं, वर ड्युअल मास फ्लायव्हीलही (इंजिनचे झटके शोषणारं जड चाक) बदला म्हणून सांगितलेलं. दुखणं मात्र जसंच्या तसं. रेल्वे फाटकावर क्लच दाबून उभं राहिलं की गाडी हळूहळू पुढे सरकायची. सगळं निदान त्या एका तक्रारीतच होतं. सपाट मोकळ्या जागेत, समोर कोणी नाही असं पाहून, इंजिन चालू, पहिला गिअर, पेडल पूर्ण दाबून धरायचं आणि पाय हलवायचा नाही. पंधरा-वीस सेकंदांत गाडी रेटू लागली तर दाब कुठेतरी सुटतोय. त्या गाडीत गळती कुठेच दिसत नव्हती. पेडलमागची मॅटिंग कोरडी, स्लेव्हचं रबरी बूट उचलून पाहिलं तर तेही कोरडं. मग स्लेव्हकडे जाणाऱ्या रबरी होजला होज क्लॅम्प (होज न फाडता दाबून बंद करणारा चिमटा) लावला. क्लॅम्प लावल्यावर पेडल दगडासारखं उभं राहिलं तर दोष खाली, म्हणजे स्लेव्हमध्ये किंवा फुगणाऱ्या होजमध्ये. तरीही पेडल खाली गेलं तर दोष मास्टरमध्ये. त्या गाडीत पेडल खाली गेलं, म्हणजे मास्टर. (होजला साधी पकड किंवा व्हाइस ग्रिप लावू नका, जुनी होज आतून फाटते.)

मास्टर बदलला आणि तरीही पेडल निम्मंच. अशा वेळी मिस्त्री नव्या मास्टरला डुप्लिकेट ठरवून परत पाठवतात. खरं कारण टाकीत होतं. या गाडीत क्लचला वेगळी टाकी नाही, ब्रेकच्याच टाकीतून तेल येतं. क्लचची नळी टाकीच्या बाजूला, ब्रेकच्या कप्प्यांपेक्षा वर जोडलेली असते. क्लचची लाइन फुटली तरी ब्रेकचं तेल शिल्लक राहावं म्हणून ही सोय आहे. पण त्यामुळेच पातळी थोडी उतरली की आधी क्लच हवा ओढतो आणि ब्रेक मात्र ठणठणीत राहतात. एअर काढताना आधी कोणी टाकी भरत राहिलंच नव्हतं. टाकीत अर्धं तेल दिसतंय म्हणून सगळे निश्चिंत, आणि नळी तोपर्यंत हवेत.

तेव्हा एअर काढताना पातळी मॅक्सच्या रेषेवर ठेवा आणि दर पाच-सहा दाबांनी भरा. सीलबंद डॉट ४ (ब्रेक ऑइलची प्रत) ची अर्धा लिटरची बाटली आणा, क्लचला तिच्यातलं २५०-३०० मिली पुरतं. उघडून ठेवलेली बाटली वापरू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर भरभर. कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत येते. सकाळी पेडल चांगलं आणि मे महिन्याच्या दुपारी कोळशाच्या ट्रकांमागे रांगत गेल्यावर मऊ, असं होत असेल तर आधी तेल बदला.

दोन माणसांनी करायची पद्धत (एक पेडल दाबतो, दुसरा निप्पल उघडतो आणि बंद करतो) तुम्हाला माहीत असणारच. चुका होतात त्या तीन. निप्पल बंद व्हायच्या आधी पाय सुटतो आणि हवा परत आत जाते. भराभर पंप मारले जातात, तेलाला फेस येतो आणि बारीक बुडबुडे मग तासभर बसत नाहीत. तिसरी चूक महागाची: जुना मास्टर असताना पेडल थेट जमिनीला टेकवलं जातं. रोजच्या वापरात सील तिथपर्यंत जात नाही, तो भाग खरबरीत झालेला असतो आणि सील तिथे कापलं जातं. एअर काढायच्या आधी बरा असलेला मास्टर एअर काढल्यावर मेला, असं जे ऐकू येतं ते यामुळे. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. एअर काढताना या गाडीत पेडल स्वतःहून वर येत नाही, दर वेळी हाताने वर ओढा.

मला खालून तेल भरणं जास्त पटतं, कारण हवेला वरच जायचं असतं. गुरांच्या औषधांच्या दुकानात ५०-६० मिलीची सिरिंज मिळते. तिला मोटरसायकलची पारदर्शक पेट्रोल नळी लावा, आतून ५-६ मिमीची, निप्पलवर घट्ट बसणारी. आधी वरून जुनं काळं तेल काढून टाका, नाहीतर खालची घाण वर मास्टरमध्ये जाईल. टाकीतलं तेल थोडं उपसा. सिरिंज आणि नळी दोन्हीतली हवा काढा, निप्पल अर्धा फेरा सैल करा आणि दट्ट्या अगदी सावकाश दाबा. टाकीत बुडबुडे दिसतील. ते थांबले की आणखी एक सिरिंज, मग निप्पल बंद. सिरिंजचं रबर ब्रेक ऑइलने फुगतं, दुसऱ्या कामाला ती ठेवू नका.

एवढ्यानेही पेडल मऊ राहिलं तर स्लेव्ह सोडवा, लाइन जोडलेलीच ठेवा. लाइन जोडलेलं तोंड सगळ्यात वर येईल असा तो धरा आणि दांडा हाताने हळू आत ढकला, पाच-सहा वेळा. अडकलेली हवा टाकीकडे निघून जाते. स्लेव्ह बाहेर असताना पेडलला कोणाचाही पाय लागता कामा नये, पिस्टन उडून बाहेर येतो.

आमच्या भागात जुना वाद आहे की रबर तेच, तेलही चालेल ते. पॉवर स्टिअरिंगचं टाका, नाहीतर इंजिन ऑइलचे चार थेंब. हे चूक आहे. या लाइनीतली रबरं ब्रेक ऑइलसाठी बनलेली असतात, खनिज तेलाने ती फुगतात आणि मग मास्टर, स्लेव्ह, होज सगळंच बदलावं लागतं. तुमच्या गाडीत असं कोणी टाकलं असेल तर टाकी ब्रेकचीही आहे, म्हणजे ब्रेकची रबरंही गेली असं धरा.

मास्टर की स्लेव्ह, याचं उत्तर क्लॅम्पच देईल. मॅटिंग ओली असेल तर क्लॅम्पचीही गरज नाही, मास्टर. बूटमधून तेल निघालं तर स्लेव्ह, आणि या गाडीत तो गिअरबॉक्सच्या बाहेर असल्याने गिअरबॉक्स न उतरवता बदलतो. दोन्ही मूळचेच असतील तर दोन्ही एकदम बदला, नवा मास्टर पूर्ण दाब देतो आणि जुना स्लेव्ह मग लवकरच गळू शकतो. भाग बहुधा नागपूरहून मागवावे लागतील.

निप्पलला ११ मिमीचा रिंग पानाच लावा, पकड नको. जाम असेल तर आदल्या रात्री गंजाचं तेल मारून ठेवा आणि सोडण्याआधी किंचित आवळून पाहा. बंद करताना बळ लावू नका, मोडलं तर स्लेव्ह गेला. सांडलेलं ब्रेक ऑइल रंग खातं, लगेच पाणी ओता. गाडीखाली जायचं असेल तर घोडी (जॅक स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर नाही, आणि काळ्या मातीत तर घोडीखालीही फळी. काम झाल्यावर रस्त्यावर निघण्याआधी ब्रेक पेडल दाबून बघा, ५० किलोमीटरनंतर टाकीची पातळी आणि पेडलमागची मॅटिंग पुन्हा तपासा.