अ‍ॅक्सेसमध्ये एक सरासरी, एसपीएसएसमध्ये दुसरी: प्रबंध खोटा ठरेल का?

पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना मी प्रबंधाच्या संख्याशास्त्रात मार्गदर्शन करतो. प्रबंध जमा करायचे दिवस जवळ आले की एक प्रश्न हमखास येतो. "सर, दोन सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळे आकडे येतायत. डेटा बनावट आहे असं म्हणतील का?"

अशीच एक निवासी डॉक्टर आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). ४०० गरोदर महिलांच्या नोंदी तिनं अ‍ॅक्सेस या माहिती साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये भरल्या होत्या. तिथे हिमोग्लोबिनची सरासरी १०.४, एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये १३.९. ज्या रक्तक्षयावर प्रबंध, तोच गायब! तिची झोप उडाली होती. बोलता बोलता तिनं खालच्या आवाजात सांगितलं, "सर, सरासरी जुळावी म्हणून मी एकदोन आकडे हातानं बदलून पाहिले. अजून सेव्ह केलेलं नाही."

"डॉक्टर, आतापर्यंत तुमच्या हातून काहीही खोटं झालेलं नाही," मी म्हणालो. "पण ते सेव्ह केलं असतं, तर झालं असतं. ती फाइल तशीच बंद करा."

एसपीएसएसमध्ये हिमोग्लोबिनचा रकाना उतरत्या क्रमानं लावायला सांगितला. वरच्या १६ ओळींत एकच आकडा: ९९. या महिलांची तपासणीच झाली नव्हती. अ‍ॅक्सेसमध्ये त्यांची चौकट रिकामी होती, आणि रिकामी चौकट सरासरीत धरली जात नाही. तिचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस ३२ बिटचं, एसपीएसएस ६४ बिटचं, त्यामुळे दोन्ही थेट जोडणारा ड्रायव्हर (मधला दुवा असलेला छोटा प्रोग्राम) सापडेना. मग तिनं सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) काढून ती एक्सेलमध्ये उघडली आणि एका सीनियरच्या सांगण्यावरून रिकाम्या जागी ९९ भरले. ९९ म्हणजे 'तपासणी नाही' हे एसपीएसएसला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. व्हेरिएबल व्ह्यूमध्ये, म्हणजे रकान्यांची माहिती भरायच्या पानावर, मिसिंगच्या रकान्यात ९९ टाकले, सरासरी पुन्हा काढली. १०.४.

तिचा पुढचा प्रश्न मला फार आवडला. "मग बाकीच्या रकान्यांचं काय?"

तिथेही गडबड होतीच. गावाचा कोड ००७ एक्सेलनं ७ करून टाकला होता, त्यामुळे गावांची यादी जोडताना काही महिला निसटत होत्या. तारखांची तिला सर्वांत जास्त धास्ती होती, कारण एका रकान्यात भलेमोठे आकडे दिसत होते. अ‍ॅक्सेस तारीख ३० डिसेंबर १८९९ पासूनच्या दिवसांत साठवतं, एसपीएसएस १४ ऑक्टोबर १५८२ पासूनच्या सेकंदांत. ते भलेमोठे आकडे म्हणजे हे सेकंदच होते. रकान्याचा प्रकार बदलून 'तारीख' केला आणि सगळ्या तारखा नीट दिसल्या.

एवढं झाल्यावर मी तिला सगळी आयात नव्यानं करायला लावली. मूळ अ‍ॅक्सेस फाइलची प्रत बाजूला ठेवून, कोडचे रकाने मजकूर म्हणून घेऊन, आणि प्रत्येक बदल एसपीएसएसच्या सिंटॅक्समध्ये (लेखी आज्ञांच्या फाइलमध्ये) लिहून, म्हणजे कुणीही तो पुन्हा चालवून पाहू शकेल. दोन्हीकडच्या ओळी, रिकाम्या नोंदी, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा तिनं एका कागदावर शेजारीशेजारी मांडले. या कामाला एक दुपार पुरते. ती वाचवायला गेलेले विद्यार्थी पुढे महिनाभर घाबरलेले मी पाहिले आहेत.

गाइडना सांगायचं का, असं तिनं जाताना विचारलं. सांगायचंच, तो कागद आणि सिंटॅक्स सोबत घेऊन. हिमोग्लोबिनच्या तक्त्याखाली '१६ महिलांची तपासणी झाली नाही, विश्लेषण ३८४ नोंदींवर' ही ओळ आम्ही तेव्हाच लिहून टाकली.